तिने हात वर केला, आणि आम्ही हरलो

एका माध्यमिक शाळेत अकरा वर्षं खेळ शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

त्यांच्या शाळेचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ यंदा पहिल्यांदाच आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. निर्णायक सेटमध्ये गुण १४-१३ असे होते आणि मॅच पॉइंट, म्हणजे आणखी एक गुण मिळाला की सामना जिंकला, यांचा होता. समोरच्या मुलीने मारलेला स्मॅश ब्लॉकच्या, म्हणजे नेटपाशी उडी मारून अडवायला वर केलेल्या हातांच्या, वरून जाऊन मागच्या रेषेबाहेर पडला. पंचांनी 'आउट' दिला, मुली उड्या मारायला लागल्या. तेवढ्यात नववीतल्या कॅप्टनने हात वर केला आणि पंचांच्या खुर्चीखाली जाऊन सांगितलं, "सर, माझ्या बोटाला लागलाय." गुण समोरच्या संघाला गेला आणि संघ १४-१६ असा हरला. बाहेर आल्यावर शिक्षिका सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, "तुला कोणी विचारलं होतं?" तेव्हापासून तिघी मुली तिच्याशी बोलत नाहीत. दोन पालक मुख्याध्यापकांना भेटून आले. मुख्याध्यापकांचं म्हणणं, खिलाडूवृत्ती ठीक आहे, पण तारतम्य नको का? मुलगी सरावाला येते, पण मागे उभी राहते.

त्या विचारतात: खिलाडूवृत्ती आणि जिंकण्याची जिद्द यांचा तोल मुलींना कसा शिकवायचा? एवढा मोठा निर्णय तिने मला न विचारता घ्यायला नको होता, हे माझं म्हणणं चूक आहे का? पुढच्या वर्षी तिला कॅप्टन ठेवावं का? आणि शाळा दरवर्षी 'खिलाडूवृत्ती पुरस्कार' देते, तो यंदा तिला दिला तर प्रकरण मिटेल का?

प्रिय मॅडम,

पत्र वाचून झाल्यावर मी कागद घेऊन तुमच्या शेवटच्या सेटचा हिशेब मांडला. तुम्ही लिहिलंय, "तिने हात वर केला, आणि आम्ही हरलो." यातला 'आणि' मला पटत नाही. तिने सांगितल्यावर फलकावर १४-१४ झाले. म्हणजे सामना बरोबरीत होता. पुढचे दोन गुण कसे गेले, तेही तुमच्याच पत्रात आहे. एका सर्व्हिसला दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि चेंडू दोघींच्या मधोमध पडला. दुसऱ्या वेळी आपला स्मॅश नेटमध्ये गेला. त्याआधी याच सेटमध्ये तुमच्या मुलींनी तीन सर्व्हिस वाया घालवल्या होत्या.

या चुका करणाऱ्या मुलींशी कोणी अबोला धरलाय? नसेल, आणि धरूही नये. पण मग एवढं तरी मान्य करू या, की चुकून घालवलेला गुण तुमच्या संघाने माफ केला आणि खरं बोलून घालवलेला केला नाही. संघातल्या मुलींना यातून काय कळलं असेल, ते सांगायला नको.

मुलींचा राग मला कळतो. जिंकलो म्हणून उडी मारलेली असते, पाय अजून हवेतच असतात, आणि कोणीतरी म्हणतं, थांबा. तोंडचा घास गेल्यावर पंधरा वर्षांच्या मुलीने शहाण्यासारखं वागावं अशी अपेक्षा मी करणार नाही. तुमचंही तसंच झालं. अकरा वर्षांत पहिल्यांदा इथवर आलात. तोंडातून जे निघालं ते त्या क्षणाचं होतं. पण आता त्याला दिवस उलटलेत, तेव्हा जरा शांतपणे बघू.

आधी नियम. व्हॉलीबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात खेळाडूंच्या वागणुकीबद्दलचा भाग आहे. पंचांच्या निर्णयावर प्रभाव पडेल असं काही करू नये, आणि आपल्या संघाकडून झालेली चूक झाकू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. अनेक प्रशिक्षकांनी हे वाक्य वाचलेलं नसतं, किंवा वाचून सोडून दिलेलं असतं. दुसरं, चेंडू खेळात नसताना पंचांशी बोलण्याचा अधिकार संघातल्या एकाच खेळाडूला असतो: त्या वेळी कोर्टवर असलेल्या कॅप्टनला. म्हणजे "तुला कोणी विचारलं होतं?" याचं उत्तर नियमपुस्तकातच आहे. कोणी विचारायची गरजच नव्हती. तो अधिकार तिथे फक्त तिचा होता. त्याआधी दोनच गुणांपूर्वी रेषेवरच्या एका निर्णयावरून तुम्ही बाकावरून उठून वाद घातलात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तो अधिकार मात्र तुम्हाला नव्हता.

हे टोचण्यासाठी म्हणत नाही. पत्रात हे वाक्य तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणजे मनात कुठेतरी ते खुपतंय. आणि मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण मुली तुमचं भाषण ऐकत नाहीत, तुमच्याकडे बघतात. शिट्टी वाजली की बाईंचा चेहरा कसा होतो, हे राखीव बाकावरच्या मुलींना तोंडपाठ असतं.

आता तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेते, कारण तो मुख्याध्यापकांचाही आहे आणि बहुतेक पालकांचाही. पंच आहेत कशासाठी? निर्णय देणं त्यांचं काम. त्यांच्या चुका कधी आपल्या विरोधात जातात, कधी बाजूने, शेवटी फिट्टंफाट होते. चांगले चांगले खेळाडूही गप्प राहतात. क्रिकेटमध्ये चेंडूला बॅटची कड लागल्यावर स्वतःहून निघून जावं की नाही, यावर मोठमोठे फलंदाज आजही दोन बाजूंना आहेत. हा मुद्दा खोटा नाही. पैसे घेऊन खेळणाऱ्या प्रौढ खेळाडूने गप्प राहायचं ठरवलं, तर मी त्याला लबाड म्हणणार नाही.

पण शाळेत जरा वेगळं आहे. डेव्हिड शील्ड्स आणि ब्रेंडा ब्रेडेमायर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. त्यांचं एक निरीक्षण मला नेहमी आठवतं: खेळात शिरताना माणूस रोजची नीती जणू कंसात टाकतो. एरवी जे करायला लाज वाटेल ते मैदानात चालतं, कारण 'हा खेळ आहे'. तुमच्या सरावातच बघा. ब्लॉकला गेलेली मुलगी चेंडू बाहेर गेला की खाली येता येता हात मागे घेते आणि मान हलवते: नाही लागला. बोटाच्या टोकाला चाटून गेलेला चेंडू आवाज करत नाही. पण जिच्या बोटाला लागतो तिला कळतं, शेवटचं पेर झिणझिणतं, नख क्षणभर गरम होतं. तरी मान आडवी हलते. हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. मोठ्या मुलींचं बघून ती शिकते आणि महिन्याभरात ते इतकं अंगवळणी पडतं की आपण खोटं बोललो हेही तिच्या लक्षात येत नाही. तुमच्या कॅप्टनने ही सवय मोडली, तीसुद्धा १४-१३ ला. अंगवळणी पडलेल्या सवयीच्या विरुद्ध जाणं सोपं नसतं.

या खेळातल्या मोठ्या माणसांनाही हा प्रश्न पडलेलाच आहे. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने नेशन्स लीग या देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेत 'ग्रीन कार्ड' आणलं: व्हिडिओ बघायची वेळ येण्याआधी खेळाडूने स्वतःहून टच कबूल केला तर पंच हिरवं कार्ड दाखवतात. म्हणजे तुमच्या मुलीने जे केलं, त्यासाठी जगातल्या सगळ्यात वरच्या पातळीवर कार्ड आहे. मुख्याध्यापकांना हे जरूर सांगा. मोठ्या नावांचा उपयोग कधीकधी होतो.

तरीही एक गोष्ट करू नका. उद्यापासून "टच झाला की सांगायचंच" असा फतवा काढू नका. एक तर खूपदा खेळणाऱ्याला खरंच कळत नाही, आणि खात्री नसताना हात वर करणं म्हणजे पंचांचं काम आपल्या अंगावर घेणं. दुसरं, खरं बोलणं हा बाईंचा हुकूम झाला की मुली ते बाईंसाठी बोलतात, आणि बाई नसल्या की बोलत नाहीत.

तिने तुम्हाला विचारायला हवं होतं का? विचारणार कधी? चेंडू पडणं, शिट्टी, पंचांचा हात, आणि दोन्ही संघ हलणं, यात फार तर चार सेकंद जातात. टाइमआउट घेऊन नीतीवर चर्चा करता येत नाही. तिने त्या चार सेकंदांत जे केलं ते आधी कधीतरी ठरलेलं असावं लागतं, तिच्या मनात तरी. तुमच्या संघात ते कधी बोललं गेलं नव्हतं. त्यामुळे सगळा भार तिच्या एकटीवर पडला. मला विचाराल तर खरी चूक इथे झाली. ती तिची नव्हे. खरं सांगायचं तर ती तुमच्या एकटीचीही नाही, कारण बहुतेक शाळांत हेच असतं.

'न विचारता' या शब्दावर अजून थोडं थांबते, कारण कॅप्टन म्हणजे काय याची तुमची कल्पना त्यात लपलीय. १ फेब्रुवारी १९८१ ला मेलबर्नमध्ये एकदिवसीय सामन्याचा शेवटचा चेंडू उरला होता. बरोबरीसाठी न्यूझीलंडला षटकार हवा होता. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल याने गोलंदाजाला चेंडू हात खांद्यावर न नेता जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितलं. गोलंदाज त्याचा धाकटा भाऊ ट्रेव्हर. त्याने तसा टाकला. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं, ऑस्ट्रेलिया जिंकली, आणि तो सामना आजही कशासाठी आठवला जातो ते तुम्हाला माहीत आहे. ट्रेव्हरने सांगितलेलं निमूटपणे ऐकलं. मुलींनी सांगितलेलं ऐकावं असं आपल्याला सगळ्यांना वाटतं, मला पण वाटतं. पण सांगणाऱ्याचं डोकं त्या क्षणी ठिकाणावर नसेल तर?

याच्या अगदी वर्षभर आधीची गोष्ट. फेब्रुवारी १९८०, मुंबईतली सुवर्णमहोत्सवी कसोटी. भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेल्यावर बॉथम आणि टेलर जोडी जमवत होते. अशात बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या विश्वनाथची खात्री होती की बॅट लागलेली नाही. त्याने पंचांना सांगून टेलरला परत बोलावलं. त्या दोघांची भागीदारी १७१ धावांची झाली आणि भारत दहा गडी राखून हरला. ही गोष्ट आपण आज कौतुकाने सांगतो. पण कौतुक करताना शेवटचं वाक्य हळू आवाजात म्हणतो. हरला. त्यात पळवाट नाही, खिलाडूवृत्तीची किंमत कधीकधी खरोखर मोजावी लागते, आणि मुलींना "चांगलं वागलं की चांगलंच होतं" असं सांगणं म्हणजे त्यांना फसवणं आहे. तुमच्या मुलीने तर हे स्वतः अनुभवलंय. तिला गोड गोष्टी सांगू नका, तिला लगेच कळेल.

प्रशिक्षकांनाही हे नेहमी पटतं असं नाही, हे तुमच्या समाधानासाठी सांगते. डिसेंबर २०१२ मध्ये स्पेनमधल्या बुर्लादा इथल्या क्रॉसकंट्री शर्यतीत केनियाचा आबेल मुताई पहिला धावत होता. शर्यत संपली असं वाटून तो रेषेच्या थोडं अलीकडेच थांबला. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं कांस्य मिळवलेला हा धावपटू. मागून आलेल्या इव्हान फर्नांडिस अनाया याने त्याला ओलांडलं नाही, खुणा करून पुढे जायला लावलं आणि स्वतः दुसरा आला. अनायाचे प्रशिक्षक मार्टिन फिझ, १९९५ चे मॅरेथॉन विश्वविजेते. त्यांना हे पटलं नव्हतं आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते बोलणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. फरक इतकाच की अनाया मोठा माणूस होता आणि तुमची कॅप्टन नववीत आहे.

पुरस्काराचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत: यंदा तिला देऊ नका. एक म्हणजे तो 'प्रकरण मिटवायला' दिलाय हे शाळेतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळेल. दुसरं, ज्या तिघी तिच्याशी बोलत नाहीत त्यांनी टाळ्या वाजवायच्या की नाहीत, असा नवा पेच तुम्ही उभा कराल. ती नायिका झाली की बाकीच्या आपोआप खलनायिका होतात, आणि त्या खलनायिका नाहीत, त्या हरलेल्या मुली आहेत. तिसरं कारण जरा लांबचं आहे, पण मला फार आवडतं.

२०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात जपान आणि सेनेगल गटात सगळ्याच बाबतींत बरोबरीत आले: गुण, गोल, सगळं. शेवटी शिस्तीच्या गुणांवर निकाल लागला. जपानला पिवळी कार्डं चार होती, सेनेगलला सहा. जपान पुढे गेला. वाचायला किती छान वाटतं! पण पोलंडविरुद्धच्या त्या शेवटच्या सामन्यात जपान ०-१ ने मागे होता, आणि हा हिशेब आपल्या बाजूने आहे हे कळल्यावर अखेरची दहाएक मिनिटं खेळाडू आपल्याच भागात चेंडू इकडून तिकडे देत बसले. हरत असताना. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आता याच संघाचं पुढचं: बेल्जियमविरुद्ध २-० ने पुढे असताना अगदी शेवटच्या क्षणी ते २-३ ने हरले आणि बाहेर पडले. त्यानंतर त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये एक कागद सापडला, रशियन भाषेत 'धन्यवाद' लिहिलेला, आणि खोली लखलखीत झाडलेली. तोच संघ. खिलाडूवृत्ती मोजायला गेलं तर चेंडू इकडून तिकडे देणं मिळालं, कोणी मोजत नसताना खोली झाडलेली मिळाली. तुमचा वार्षिक पुरस्कार शाळेला हवा असेल तर राहू द्या. पण त्याने संघ घडेल अशी आशा ठेवू नका.

घडवायचा तर सरावात. आठवड्यातून एक दिवस, शेवटची वीस मिनिटं पंचाविना खेळा. शिट्टी तुमच्या खिशात. आत-बाहेर, टच, नेटला लागलं, सगळं मुलींनीच सांगायचं. पहिल्या दिवशी भांडणं होतील, खेळ कमी आणि वाद जास्त. होऊ द्या. पटलं नाही तर गुण परत खेळायचा, एवढाच नियम द्या. अल्टिमेट फ्रिस्बी नावाचा, हवेत चकती फेकून खेळायचा सांघिक खेळ जागतिक स्पर्धांपर्यंत असाच खेळला जातो: फाउल खेळाडूच सांगतात. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांना वागणुकीचे गुण देतात, पाच मुद्द्यांवर, प्रत्येकी शून्य ते चार. नियमांचं ज्ञान, फाउल आणि धक्के टाळणं, न्यायबुद्धी, स्वतःवरचा ताबा, बोलण्याची पद्धत. गंमत अशी की प्रत्येक मुद्द्यावर दोन म्हणजे 'नेहमीसारखं चांगलं'. चार मिळवायला खास काही करावं लागतं. तुम्ही मैत्रीपूर्ण सामन्यांत याचं साधं रूप करून बघा. गुणांचा तक्ता नको, सामना संपल्यावर दोन्ही कॅप्टननी मिळून एकमेकींना सांगायचं: तुमचं एक आवडलं, एक खटकलं. दोन मिनिटांचं काम.

त्यावरून आठवलं. समोरच्या संघाच्या कॅप्टनने हरलेल्या तुमच्या मुलीला जाताना मिठी मारली आणि कानात काहीतरी म्हणाली, असं तुम्ही लिहिलंय. काय म्हणाली, ते विचारलंत का तिला?

दुसरं, मोसम सुरू होण्याआधी एक बैठक घ्या, तासाभराची, आणि त्यात 'खिलाडूवृत्ती' हा शब्द कोणीही वापरायचा नाही. नुसते प्रसंग ठेवा. चेंडू आपल्या बोटाला लागला आणि पंचांनी पाहिला नाही. गुणलेखकाने चुकून आपल्याला एक गुण जास्त दिला. समोरची मुलगी घोटा मुरगळून बसली आहे आणि सर्व्हिस आपली आहे. आपल्याच शाळेची मुलं बाहेरून समोरच्या सर्व्हिस करणारीला चिडवतायत. आपली मैत्रीण पंचांना उलट बोलली. प्रत्येक प्रसंगात आपण काय करायचं, आणि ते कोणी करायचं? दुसरा प्रश्न विसरू नका, बहुतेक लोक तो विसरतात. उत्तरं मुलींच्या शब्दांत लिहून घ्या. एखाद्या प्रसंगी त्या म्हणाल्या, "आम्ही गप्प राहू", तर तेही लिहा, लगेच खोडू नका. का ते विचारा. वर्षभराने हाच कागद पुन्हा काढा. आणि जे ठरलं ते तुम्हाला पण लागू. कॅप्टनने ठरल्याप्रमाणे केलं आणि गुण गेला, तर बाकावरून पहिली टाळी तुमची यायला हवी. चेहऱ्याला जमेल तसं.

आता कॅप्टनपद. बहुतेक शाळांत कॅप्टनला काय काम असतं? टॉसला जायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, फोटोत मध्ये बसायचं. मी शाळेत एक वर्ष उपकर्णधार होते, आणि चेंडूंत हवा भरणं सोडून मला दुसरं काही काम होतं असं आठवत नाही. कोणाला नेतृत्व शिकवायचं असेल तर त्याला निर्णय द्यावे लागतात, आणि निर्णय दिले की त्यातले काही आपल्याला न आवडणारे निघतात. तुमच्या बाबतीत झालं ते एवढंच.

सुरुवात लहान कामांनी करा आणि ती वाटून द्या. वॉर्मअप कोण घेणार, राखीव मुलींकडे कोण बघणार (संघ बिघडतो तो बहुतेकदा बाकावरून), पाहुण्या संघाला पाणी, खोली कोण दाखवणार, पंचांशी कोण बोलणार. दर पंधरा दिवसांनी बदला. २०२४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत फक्त कॅप्टननेच पंचांकडे जायचं असा दंडक घातला आणि घोळका करून पंचांवर धावून जाणं बरंच कमी दिसलं. व्हॉलीबॉलमध्ये तो नियम आहेच, सरावातही पाळा. मुलीला पंचांशी बोलायचं वाक्यसुद्धा शिकवावं लागतं: "सर, तो निर्णय कशासाठी दिलात, समजावून सांगाल?" आवाज न चढवता हे बोलता येणं ही सर्व्हिसइतकीच सरावाची गोष्ट आहे.

निवडीच्या वेळी दोन टोकं टाळा. सगळ्यात जोरात स्मॅश मारते म्हणून कॅप्टन, हे एक टोक. नुसतं हात वर करून मतदान, हे दुसरं, त्यात जिच्या मैत्रिणी जास्त ती निवडून येते. मी चिठ्ठ्यांवर वेगळे प्रश्न विचारीन. आपण हरत असताना तू कोणाच्या तोंडाकडे बघतेस? तुझी चूक झाली तर कोण तुझ्याशी बोललेलं तुला आवडतं? तुझ्याबद्दल काही खटकलं तर ते तुझ्या तोंडावर कोण सांगेल? ही उत्तरं वाचून निवड तुम्ही करा, जबाबदारी तुमची. नावं बऱ्याचदा अनपेक्षित निघतात.

पालकांचं थोडक्यात. मोसमाआधी त्यांनाही तोच प्रसंगांचा कागद दाखवा. हरल्यावर बोलावलेली पालकसभा वादाचीच होते. जे दोन पालक तक्रार घेऊन गेले त्यांना भेटा, पण मुलीचा बचाव करायला जाऊ नका. सांगा, की सामन्यात निर्णय तिचा होता, आणि तो कसा घ्यायचा हे आधी ठरवणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं. मुख्याध्यापकांच्या 'तारतम्या'लाही हेच उत्तर: तारतम्य हवंच, आणि ते आधी बसून ठरवायचं असतं. त्यांना यापुढे फक्त निकाल कळवत बसू नका. किती मुली दुसऱ्या वर्षी परत खेळायला आल्या, तो आकडाही दर वर्षी द्या.

राहिलं तिच्याशी बोलणं. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच बोला, खोलीत बोलावून नको. लांबण लावू नका. "त्या दिवशी मी जे बोलले ते मी बोलायला नको होतं. पंचांशी बोलण्याचा अधिकार तुझा होता." एवढंच. "तू केलंस ते बरोबर" हे मुद्दाम घालू नका, बाकीच्या मुलींना अजून तसं वाटत नसेल आणि तुम्ही त्यांच्या वतीने ठरवल्यासारखं होईल. मग सगळ्यांना घेऊन गुणपत्रक उघडा, त्या सेटचं, आणि प्रत्येक गुण कसा गेला ते मुलींनाच सांगू द्या. तीन सर्व्हिस, दोघींच्या मध्ये पडलेला चेंडू, नेटमधला स्मॅश, आणि एक टच. बोलून झालं की सर्व्हिसचा सराव घ्या. त्या तिघींचा अबोला त्याच दिवशी सुटेल असं समजू नका, आणि सुटावा म्हणून त्यांच्या मागेही लागू नका. पंचाविना खेळताना कधीतरी त्यांच्यातलीच एखादी हात वर करेल.

आणि पुढच्या वर्षी तिला कॅप्टन ठेवायचं का, हे मला विचारू नका, तिला विचारा. कदाचित ती "नको" म्हणेल. तसं म्हणाली तर समजूत घालायला धावू नका, कारणही लगेच मागू नका. तिला पंधरा दिवस मागे उभं राहायचं असेल तर राहू द्या. फक्त मैत्रीपूर्ण सामन्याच्या आधी, कधीतरी, कोणी बघत नसताना, समोरच्या शाळेच्या कॅप्टनला निरोप द्यायचाय, जाशील का, एवढं विचारून बघा.